हुलिगेम्माचा रस्ता

काल रात्री मांडावर खुर्च्या उडाल्या.
खाणीचे ट्रक कुठल्या वाड्यावरून जायचे,
आधी कुणाचा नंबर, धुळीचे पैसे कुणाला,
असं काय काय.
माझा नवरा घरी आला तेव्हा
शर्टाला दोन बटणं कमी होती.
जेवण नको म्हणाला.

सकाळी मी अंगणवाडीचं कुलूप काढलं.
मी बाई नव्हे. मदतनीस.
बाई डिचोलीहून साडेनवाच्या बसने येतात,
तोवर सतरा पोरं, एक झाडू
आणि मुगाचं पातेलं माझ्या ताब्यात.

पोदेराचा भोंपू वळणावरून परत गेला
तरी अकराच आली.
नऊ वरच्या वाड्यावरची,
खालच्यावरून एकटा क्लेटन,
आणि हुलिगेम्मा, ती कुठल्याच वाड्यावरची नाही.
क्लेटनची काकी त्याला फाटकात सोडून गेली
माझ्याकडे न बघता.
गेल्या नाताळात तिनेच मला दोदोल दिला होता,
केळीच्या पानात बांधून.

वहीत सहा रेघा मारल्या.
रेघ मारायला काही लागत नाही.

रात्रभर ओसरीवर तांबडी धूळ बसलेली.
मी झाडायच्या आधीच पोरांनी तिच्यात रस्ता काढला,
काड्यापेट्यांचे ट्रक सोडले.
आणि स्वप्नेश फूटपट्टी घेऊन आडवा:
"हांगाच्यान वचपाक मेळचें ना!"
चार वर्षांचा. आवाज थेट बापाचा.
शिवीच्या जागी थोडा थांबला,
बहुतेक आठवली नाही.

क्लेटनने काड्यापेटी छातीशी धरली.
रडला असता तर बरं झालं असतं.

मी डाव खाली ठेवला.
पण सांगणार काय होते? भांडू नका?
ते तर आम्ही भिंतीवरच रंगवून घेतलंय,
कबुतरासकट.
मागच्या पावसात कबुतराला बुरशी आली.

हुलिगेम्मा खांबाला टेकून बसते.
आईबाप कोप्पळकडचे, खाणीच्या शेडमागे खोपट.
जूनपासून तोंडातून शब्द नाही.
बाई म्हणतात, लिहा: प्रगती नाही.
मी लिहिते: मूग दोनदा मागते. बोटाने.

ती उठली.
उसवलेला फ्रॉक गुडघ्यात खोचून उकिडवी बसली
आणि त्याच बोटाने धुळीत ओढत निघाली.
स्वप्नेशच्या पायांना वळसा,
खांबाला वळसा,
चपलांच्या ढिगामधून, माझ्या झाडूमागून,
नको तितका लांब रस्ता,
कुठल्या कंत्राटदाराने मंजूर केला नसता.
मग क्लेटनकडे बघून म्हणाली,
"बा."

बा म्हणजे ये.
मला ठाऊक होतं, तिची आई संध्याकाळी
फाटकातून तसंच हाकारते.
क्लेटनला ठाऊक नव्हतं.
तरी गेला.

मग सगळ्यांनाच त्या वळशावरून जायचं होतं.
स्वप्नेशने फूटपट्टी टाकली नाही, खोटं कशाला बोलू,
तिचा पूल केला,
आणि प्रत्येक ट्रकाकडून एक चिंचोका घेतला.
बा, बा, बा, अकरा तोंडं.
मूग करपले.

बाई आल्या. हे काय, ओसरी झाडली नाही?
म्हटलं, रस्त्याचं काम चालू आहे.

मांडावरचं काही मिटलेलं नाही.
परवा पोलिसांची जीप येऊन गेली.
वहीत आज बारा.
हुलिगेम्माच्या नावापुढे मी लिहिलं: एक शब्द.
कुठला, ते नाही लिहिलं,
रकाना लहान असतो.

संध्याकाळी नळावर क्लेटनची काकी.
दोघींच्या मध्ये माझी भरलेली कळशी.
तो शब्द जिभेवर आला होता,
पण मी काही चार वर्षांची नाही.
कळशी उचलली, बाजूला ठेवली.
तिचा हंडा जाईल
एवढाच वळसा.